किनाऱ्यावर अंगठी, मंगळसूत्र हरवलं तर... (गोवा)

करंजाळेकर
शनिवार, रात्री ९:४०

मिरामारहून आत्ताच परत आलो. हात अजून वाळूने खरखरतायत, पण गोष्ट ताजी आहे तोवर लिहून काढतो.

दुपारी तीनला फोन आला. डिचोलीहून आलेलं कुटुंब. आजींनी नातवाला लाटेतून उचलून घेतलं, त्याच्या मुठीत मंगळसूत्राचा सर अडकला आणि तुटला. वर आल्यावर गळा मोकळा लागला तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. मी पोचलो तेव्हा आजी होत्या तिथेच उभ्या होत्या. तासभर हलल्या नव्हत्या. पायाशी दोन्ही चपला वाळूत रोवून ठेवलेल्या. "हांगाच पडलां, बाब," एवढंच म्हणाल्या.

त्या हलल्या नाहीत म्हणून निम्मं काम झालं होतं. धातू शोधायचं मशीन सुरू करण्याआधी मी गुडघे टेकून नुसती वाळू बघत बसलो. काळे मणी काचेचे, त्यांना मशीन ओळखत नाही, पण ओल्या वाळूवर ते डोळ्यांना दिसतात. पहिला मणी सुनेला दिसला. तीन पावलांवर आणखी दोन. मग एका खळग्यात सात-आठ, एकमेकांना चिकटून. मण्यांची ती ओळ तिरकी पाण्याकडे जात होती, म्हणजे ओहोटीचं पाणी ज्या वाटेने उतरलं त्याच वाटेने. ओळीच्या टोकाला मशीनची कॉइल (दांड्याच्या टोकाची तारेची चकती) फिरवली आणि बारीकसा आवाज आला, उजवीकडून फिरवा की डावीकडून, तसाच स्वच्छ. चार बोटं खाली वाटी. पालथी पडलेली, आत वाळू गच्च बसलेली. आजींनी पदराने पुसली, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, ही माहेरची, हिला पोचा आहे. दुसऱ्या वाटीला आणखी पस्तीस मिनिटं लागली. ती पहिलीपासून सहा पावलं दूर गेली होती. भरती परत लागायच्या आत मिळाली.

आम्ही तिघं हे काम करतो. मी ताळगावचा, एक मित्र साष्टीतला, पूर्वीचा तारवटी, बोटीवर असताना मशीन विकत घेऊन आलेला, आणि बार्देशमधली एक शिक्षिका. पैसे घेत नाही. सापडलं तरी नाही आणि नाही सापडलं तरी नाही. हा धागा काढतोय तो एवढ्यासाठी की बहुतेक लोक आम्हाला दुसऱ्या दिवशी शोधत येतात, आणि तोवर चार भरत्या-ओहोट्या होऊन गेलेल्या असतात.

तेव्हा कळकळीची विनंती. वस्तू पडली हे कळलं की पळू नका आणि वाळू उकरू नका. दहा माणसांनी पायांनी वाळू घोळली की अंगठी खाली जाते आणि जागाही मोडते. पायातली चप्पल रोवा, मोबाईलवर जागेची खूण साठवा, आणि तिथेच उभं राहून किनाऱ्याकडे तोंड करून एक फोटो काढा. पाण्यात असाल तर रापणकार (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार) करतात तसं करा: जवळची एक वस्तू आणि तिच्या मागची लांबची एक वस्तू एका रेषेत धरा. समजा, जीवरक्षकांचा मनोरा आणि मागचा माड. दुसऱ्या बाजूला तशीच आणखी एक जोडी धरा. या दोन रेषा जिथे छेदतात तिथे परत जाता येतं, पाणी असो वा नसो. मग जीवरक्षकांना सांगा.

तुमचे अनुभव लिहा. सापडलेले आणि न सापडलेलेही.


पेडण्याची_लेक
शनिवार, रात्री १०:१५

आजींच्या चपलांचं वाचून गलबलून आलं. वाचनखूण साठवली.

एक शंका. मशीनला सोनं म्हणून वेगळं कळतं का? की नुसता धातू कळतो? आणि समुद्राचं पाणी, ओली वाळू यांचा त्रास होत नाही का?


करंजाळेकर
शनिवार, रात्री ११:०५

ताई, सोनं म्हणून वेगळं कळत नाही, आणि सगळी मेहनत तिथेच आहे.

कॉइलमधून सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. खाली धातू असला की त्याच्या अंगात विजेचे भोवरी प्रवाह उठतात, त्यांचं स्वतःचं छोटं क्षेत्र तयार होतं, आणि ते कॉइलची दुसरी गुंडाळी पकडते. धातू किती वाहक, किती जाड, कसा पडलाय, त्यावर पडद्यावर आकडा येतो. आता अडचण बघा. बारीक सोन्याची अंगठी, शीतपेयाच्या कॅनची कडी आणि सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद यांचे आकडे एकमेकांच्या अगदी शेजारी येतात. कचरा टाळायचा म्हणून ते आकडे बंद करून ठेवले तर अंगठीही त्यांच्याबरोबर जाते. म्हणून प्रत्येक आवाज खणून बघावा लागतो. कळंगुट-बागा पट्ट्यात एका अंगठीमागे चाळीस-पन्नास कड्या निघणं नेहमीचं. त्या सगळ्या आम्ही पिशवीत भरून घेऊन येतो, परत वाळूत टाकत नाही.

खाऱ्या पाण्याचं तुम्ही अचूक विचारलंत. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे एकाच कंपनसंख्येवर चालणारं साधं मशीन ओल्या वाळूत नुसतं कुरकुरत राहतं. एकाच वेळी अनेक कंपनसंख्यांवर चालणारी मशीनं पाण्याचा हा परिणाम बराच वजा करू शकतात. दुसरा प्रकार पल्स इंडक्शनचा, म्हणजे प्रवाहाचे तुटक ठोके सोडणाऱ्या मशीनचा. तो खाऱ्या वाळूत खोलवर जातो, पण लोखंडाचा खिळा आणि सोनं यांत त्याला फारसा फरक कळत नाही. आपल्याकडे त्यात भर म्हणजे काळी वाळू आणि जांभा. दोन्हींत लोहाची खनिजं. मशीनला आधी त्या त्या जागेच्या मातीची सवय करून द्यावी लागते, कॉइल जमिनीपासून वर-खाली करत, आवाज निवेपर्यंत.

शॅक (किनाऱ्यावरच्या हंगामी खाणावळी) जिथे उभे असतात तिथे खिळेच खिळे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल असंच यंत्र घेऊन गेले होते. गोळी काही मिळाली नाही. पलंगातल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोटाळा केला, असं सांगतात. शॅकच्या फळ्यांजवळ उभा राहिलो की मला दरवेळी तो पलंग आठवतो.

आणि बारीक साखळी सगळ्यांत अवघड. आपल्याला ती एक वस्तू वाटते, मशीनला मात्र सुट्या सुट्या कड्या दिसतात. बहुतेक वेळा आवाज येतो तो पदकाचा नाहीतर हुकचा.


म्हापशाचा_शेट
रविवार, सकाळी ७:२०

आमचा पिढीजात धंदा सोन्याचा, तेव्हा त्या बाजूने लिहितो.

शुद्ध सोन्याची घनता १९.३, वाळूतल्या गारेची २.६५ च्या आसपास. म्हणजे एवढ्याच आकाराच्या वाळूच्या सातपट वजन. दागिन्यात तांबं-चांदी मिसळलेली असल्यामुळे २२ कॅरटचा आकडा थोडा उतरतो, पण तरी ती वस्तू लाटेबरोबर तरंगत कुठे जात नाही. लाट वाळू ढवळते, वाळू क्षणभर पातळ होते आणि तेवढ्यात सोनं खाली बसतं. खाली शिंपल्यांचा किंवा घट्ट मातीचा थर लागेपर्यंत बसत राहतं. गिऱ्हाईक मला सांगतं, "समुद्रान व्हेली." मी सांगतो, नेली नसेल हो, तिथेच खाली गेली असेल.

अंगठ्या निसटतात त्याची कारणं माझ्या दुकानात रोज दिसतात. लग्नात माप घेतलं, पुढे माणूस बारीक झाला, पण अंगठी तीच. पाण्यात बोटं आकसतात. वर खोबरेल तेल नाहीतर सनस्क्रीन. समुद्रावर जाताना अंगठी काढून घरी ठेवणं सर्वांत चांगलं. रुमालात बांधून पिशवीत ठेवू नका, कारण रुमाल झटकताना पडलेल्या अंगठ्या मी जास्त ऐकल्यात. मंगळसूत्राचा दोरा किंवा तार दर दोन वर्षांनी बदलून घ्या. दहा मिनिटांचं काम असतं.

आणखी एक. नवीन दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, कोरलेला असतो. १ एप्रिल २०२३ पासून तो नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. पावतीवरचा हा क्रमांक मोबाईलमध्ये साठवून ठेवा. कुणाला दागिना सापडला तर भिंगाने तो वाचता येतो, बीआयएस केअर ॲपवर कुठल्या सराफाचा ते कळतं, आणि वस्तू तुमचीच हे दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असतं.


हरमलचा_मी
रविवार, सकाळी ८:५०

करंजाळेकर, तुमचं काम चांगलं आहे, त्याबद्दल शंका नाही. पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे.

आमच्या किनाऱ्यावर पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की पहाटे मशीनवाले येतात. कोण, कुठले, कळत नाही. सापडेल ते खिशात. गेल्या वर्षी माझ्या आईचा पाय असल्याच एका उघड्या खड्ड्यात गेला, घोटा मोडला, दीड महिना प्लास्टर. ती रोज पहाटे किनाऱ्यावर फिरायची, ते फिरणं बंद झालं ते झालंच. खड्डा कुणी केला ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

शिवाय मोरजी, मांद्रे इथे कासवं अंडी घालायला येतात. तिथे रात्री फावडं चालवणाऱ्याला काय म्हणायचं?


करंजाळेकर
रविवार, सकाळी ९:३०

दादा, तुमच्या आईंबद्दल वाचून फार वाईट वाटलं. हे बोललंच पाहिजे होतं.

आमचा पहिला नियम तोच: खणलेला प्रत्येक खड्डा पुढचं पाऊल टाकायच्या आधी बुजवायचा आणि पायाने दाबायचा. दुसरा नियम, हरवलेल्या वस्तूच्या मालकाने बोलावल्याशिवाय किनाऱ्यावर मशीन काढायचं नाही. सरावासाठी आम्ही मित्राच्या भाटात (माडांच्या बागेत) जाऊन स्वतःच पुरलेली नाणी शोधतो.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले येऊ लागतात. घरटी असलेल्या पट्ट्यात आम्ही जात नाही. मांद्र्याला एका नवरीची नथ गेली होती, जागा घरट्यांच्या कुंपणापासून वीसेक पावलांवर. वन खात्याच्या माणसाला बरोबर घेतलं, दिवसाउजेडी हाताने चाळली वाळू, फावडं लावलं नाही. मिळाली नाही. तिला तसं सांगितलं आणि परत आलो.


कायद्याची_बाजू
रविवार, सकाळी १०:१०

"सापडेल ते खिशात" यावर थोडं. सापडलं म्हणजे आपलं झालं, हा मोठा गैरसमज आहे.

१८७२ च्या करार कायद्याच्या ७१ व्या कलमानुसार दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो, त्याच्यावर ती सांभाळण्याची तीच जबाबदारी येते जी विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तूची असते. मालक शोधण्याचा प्रयत्न न करता ती पचवणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमाखाली गुन्हा ठरू शकतो. मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल तर मात्र शोधणाऱ्याला ते मागण्याचा हक्क आहे, तो करार कायद्याच्या १६८ व्या कलमात दिलाय.

जमिनीत दडलेल्या जुन्या ठेव्याचा विषय वेगळा. त्याला १८७८ चा कायदा लागू होतो. किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. आणि किल्ले, जुनी देवळं, जुन्या गोव्याची चर्चेस यांच्या आसपास मशीन घेऊन फिरण्याचा विचारसुद्धा करू नये. आग्वाद किल्ल्याच्या तटाखाली अंगठी पडली तरी आधी पुरातत्त्व खात्याला विचारा.


बाणावलीची_मावशी
रविवार, सकाळी ११:००

माझा भाचा कॅनडात असतो. तिकडे व्हँकुव्हरच्या ख्रिस टर्नर यांनी 'द रिंग फाइंडर्स' नावाची यादीच तयार केलीय, निरनिराळ्या देशांतल्या शोधणाऱ्यांची. तुम्ही जिथे हरवलं तिथला माणूस त्यात बघायचा आणि बोलवायचा. बरेचजण मालक खुशीने देईल ते घेतात. आपल्याकडे असं गावागावांचं काही झालं तर किती बरं होईल. निदान प्रत्येक तालुक्यात एक माणूस.


मळ्यातली_बाय
रविवार, दुपारी १:२५

करंजाळेकर दादा, बघताय का? तातडीचं आहे.

आम्ही कोलव्याला आहोत. माझ्या भावाची साखरपुड्याची अंगठी बारा-सव्वाबाराला पाण्यात गेली. कमरेइतक्या पाण्यात होता. साखरपुडा होऊन अकरा दिवस झालेत. तो बोलतच नाहीये, नुसता बसून राहिलाय. काय करू?


करंजाळेकर
रविवार, दुपारी १:३१

बाय, घाबरू नका. आज पौर्णिमा. उधाणाचं पाणी. भरती अकराच्या सुमाराला होऊन गेली, आता पाणी उतरतंय. संध्याकाळी पाचच्या आसपास ओहोटी. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत दोन मीटरपर्यंत फरक पडतो, म्हणजे दुपारी तो कमरेइतक्या पाण्यात उभा होता ती जागा पाचला उघडी पडायला हवी.

भावाला आत्ताच्या आत्ता विचारा: कुठे उभा होता, समोर कुठला शॅक दिसत होता, बाजूला काय होतं. त्याच्या उत्तरावर वाद घालू नका, नुसतं लिहून घ्या. आणि सकाळपासून काढलेले सगळे फोटो जपा. साष्टीतल्या मित्राला फोन लावतो.


साष्टीचा_तारवटी
रविवार, दुपारी १:४४

निघालो. माझ्या घरून अर्धा तास. बाय, जीवरक्षकांच्या मनोऱ्याजवळ थांबा. भावाला काहीतरी खायला द्या.


मळ्यातली_बाय
रविवार, रात्री ८:१०

मिळाली नाही.

काका तीन तास वाकून शोधत होते. दोरीने वीस पावलं लांब आणि दहा रुंद असा चौकोन आखला, त्यात पट्टे पाडले, आधी उभे, मग आडवे. प्रत्येक आवाजाला थांबत होते. बिअरच्या बाटल्यांची झाकणं, कड्या, एक किल्ली, दोन रुपयांची तीन नाणी, शिशाचं एक जाळ्याचं वजन. अंधार पडला, पाणी परत यायला लागलं तेव्हा थांबले. आम्ही पेट्रोलचे पैसे देऊ केले तर हात जोडले.

भाऊ म्हणतो, सोडून दे. आई म्हणते, अपशकुन झाला. मला काही सुचत नाही.


साष्टीचा_तारवटी
रविवार, रात्री ८:५५

तो चौकोन मी नीट तपासलाय. तिथे असती तर मिळाली असती. माझी स्वतःची अंगठी टाकून आधी आवाज ऐकून घेतला होता, त्यामुळे मशीनबद्दल मला शंका नाही. माझी शंका जागेबद्दल आहे.

बाय, पोर खोटं बोलत नाहीये. पण वस्तू कधी पडली हे कुणालाच माहीत नसतं. माहीत असतं ते कधी लक्षात आलं. त्याच्या लक्षात सव्वाबाराला आलं. पडली कधी? फोटो टाका इथे. चेहरे कापून टाका, नुसते हात दिसले तरी चालतील.


मळ्यातली_बाय
रविवार, रात्री ९:३०

टाकलेत. सहा आहेत, प्रत्येकाखाली वेळ लिहिलीय.


पेडण्याची_लेक
रविवार, रात्री १०:०२

मी सगळे मोठे करून पाहिले. दोन-तीनदा पाहिले, मगच लिहितेय.

११:०५ च्या फोटोत तो बॅट धरून उभा आहे, डाव्या हातात अंगठी चमकतेय. ११:३२ ला सगळे पाण्याकडे निघालेत, पाय फक्त घोट्यापर्यंत ओले, डावा हात मित्राच्या खांद्यावर. बोटाच्या मुळाशी अंगठीचा फिकट वळ दिसतो. अंगठी नाही!

म्हणजे पाण्यात शिरायच्या आधीच गेली होती. बाय, या सत्तावीस मिनिटांत तो काय करत होता?


मळ्यातली_बाय
रविवार, रात्री १०:२०

अगं, क्रिकेट खेळत होते. वर, कोरड्या वाळूत. आणि पाण्यात जायच्या आधी त्याने हाता-तोंडाला सनस्क्रीन लावलं, जास्त झालं म्हणून हात झटकले. मीच ओरडले होते माझ्या ओढणीवर उडालं म्हणून.

मला ती जागा माहीत आहे. होडीच्या सावलीत.


साष्टीचा_तारवटी
रविवार, रात्री १०:२४

सकाळी साडेसहाला होडीपाशी. आज रात्री कुणी जाऊ नका, टॉर्च घेऊन वाळू तुडवू नका. कोरड्या वाळूत पडलीय, तिथे भरती पोचत नाही, ती कुठे जात नाही.


मळ्यातली_बाय
सोमवार, सकाळी ७:१२

मिळाली.

चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. होडीच्या टोकापासून हातभर अंतरावर, वाळूच्या जेमतेम दोन बोटं खाली. काकांनी स्वतः उचलली नाही. भावाला म्हणाले, "तूं काड." त्याने हात घातला. वर आली तेव्हा आतल्या बाजूला सनस्क्रीनचा पांढरा लेप आणि त्यावर वाळू चिकटून बसलेली, कोरलेली तारीखसुद्धा त्याखाली बुजलेली. त्याने ती धुतली नाही, तशीच बोटात घातली.

पेडण्याची लेक, तू कोण आहेस, कुठे असतेस, मला काही माहीत नाही. आई तुला जेवायला बोलावतेय. खरंच ये.


म्हापशाचा_शेट
सोमवार, सकाळी ८:००

देव बरें करूं. बाय, भावाला सांगा, जवळच्या कुठल्याही सराफाकडून अंगठीचं माप बघून घे. सैल असणार.


हरमलचा_मी
सोमवार, सकाळी ९:१५

काल रात्रभर हा धागा उघडून बसलो होतो. करंजाळेकर, पेडणे तालुक्यात तुमचं कुणी नाही ना? मला शिकवाल का? मशीन नाही माझ्याकडे, पण वेळ आहे, आणि हरमलपासून केरीपर्यंतची वाळू पायाखालची आहे. पावसाळ्यात ती किती ओढली जाते आणि पावसानंतर कुठे परत भरते, एवढं मी दाखवू शकेन.


करंजाळेकर
सोमवार, सकाळी ९:४०

दादा, या. मशीन दोन आहेत, एक तुमच्या हाती देतो. आणि ओढल्या जाणाऱ्या वाळूचं तुम्ही म्हणालात ते आम्हाला हवंच आहे. पावसात वरचा थर गेला की वर्षानुवर्षं खाली दबलेल्या वस्तू वर येतात. तेव्हा किनाऱ्यावर नजर ठेवणारा तिथला माणूस हवा.


माशेलची_सून
सोमवार, दुपारी ३:३०

इतके दिवस मनात होतं ते लिहिते. समुद्र नाही, चिखलाची गोष्ट आहे.

गेल्या आषाढात देवकीकृष्णाच्या देवळाच्या मैदानावर चिखलकाल्यात (चिखलात खेळायच्या उत्सवात) माझ्या नवऱ्याची अंगठी गेली. तेल लावून उतरतात हे गोव्यातल्यांना सांगायला नको. वर पाऊस. शंभर पायांनी तुडवलेला चिखल. अंगठी त्याच्या वडिलांची होती, ते त्याच वर्षी वैशाखात गेले. तो काही बोलला नाही, पण अजून जेवताना डाव्या हाताचा अंगठा त्या बोटावर फिरवत असतो. मी बघते.

आम्ही कुणाला सांगितलंच नाही. देवाच्या दारी गेलं ते देवाचं, असं घरात ठरलं. पण आता हे सगळं वाचून वाटतंय, विचारायला काय हरकत आहे? एवढ्या दिवसांनी काही उपयोग होईल का?


साष्टीचा_तारवटी
सोमवार, दुपारी ४:१०

बाय, चिखलात सोनं कुजत नाही. असेल तर जशीच्या तशी असेल. पण खोटी आशा लावत नाही. आमच्या मशीनला अंगठी वीतभर, फार तर दीड वीत खोलीपर्यंत ऐकू येते. तुडवली जाऊन त्याच्या खाली गेली असेल तर ऐकू येणार नाही. शिवाय तुमच्याकडची माती लोहाची, तिथे खोली आणखी कमी होते. सांजांवात (विहिरीत उड्या घ्यायच्या सणात) विहिरीत पडलेली एक मुदी मी अशीच दोन वर्षं शोधतोय, विहीर आटली की जातो. अजून नाही मिळाली.


करंजाळेकर
सोमवार, दुपारी ४:३५

वहिनी, आम्ही येतो. फक्त आधी देवस्थान समितीला विचारू. मैदान त्यांचं, त्यांच्या परवानगीशिवाय एक काडीही लावायची नाही. माती आता सुकलेली आहे, हे एक बरं. चिखलात कॉइल धड फिरतही नाही, आता जमिनीला टेकवून फिरवता येईल.

तुम्ही दोन गोष्टी करून ठेवा. त्या दिवशीचे फोटो आणि व्हिडिओ गोळा करा. चिखलकाल्याचे फोटो काढणारे पुष्कळ असतात, शेजाऱ्यांकडे, मित्रांकडे विचारा. आणि मिस्टरांना विचारा, कुठल्या खेळाच्या वेळी हात रिकामा लागला. घाई नको. त्यांना बोलावंसं वाटेल तेव्हा.


माशेलची_सून
सोमवार, रात्री १०:५०

विचारलं त्याला. आधी गप्प बसला. मग उठून कागद आणला आणि मैदान काढलं, देऊळ कुठे, पिंपळ कुठे, तो कुठे पडला होता, कुणी ओढून काढलं. एवढं सगळं त्याला आठवत होतं.

कागदाचा फोटो टाकतेय. पेडण्याची लेक, तूही बघशील?


पेडण्याची_लेक
सोमवार, रात्री ११:०४

बघतेय. पिंपळाच्या डावीकडे जी फुली आहे, तिथे तो पडला की तिथून ओढून काढला? सावकाश विचार, मी जागीच आहे.